‘यात नवीन काय?’ या रकान्यात काय लिहायचं?

ताई,

आम्ही पाच जण आहोत, सगळे 23 ते 26 वयाचे. तीन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण खोल नैराश्यात गेला होता आणि रोज त्याच्या शेजारी बसणाऱ्या आम्हाला त्याचा पत्ताही लागला नाही. तो आता बरा आहे, आमच्याबरोबरच काम करतो. त्यातूनच दोन वर्षांपूर्वी दर शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या खोलीत 15 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी आम्ही गप्पांचा गट सुरू केला. वीस-पंचवीस जण येतात. एक समुपदेशक मॅडम महिन्यातून एकदा विनामूल्य येऊन जातात. बाकी खर्च आमच्या खिशातून होतो.

आता एका धर्मादाय न्यासानं ‘युवा मानसिक आरोग्यासाठी अभिनव प्रकल्प’ म्हणून अर्ज मागवले आहेत. अनुदान 18 महिन्यांचं आहे. अर्जातला पहिलाच प्रश्न: ‘तुमच्या प्रकल्पात नवीन काय?’ तिथेच आमचं घोडं अडलंय, कारण आमच्याकडे नवीन काहीच नाही. एक मित्र म्हणतो, ॲप काढू, त्यात चॅटबॉट टाकू आणि दहा हजार तरुणांपर्यंत पोहोचू असं लिहू, नाहीतर कुणी ढुंकून बघणार नाही. शिवाय अर्जात ‘एका लाभार्थीची कहाणी, छायाचित्रासह’ मागितली आहे. गटातली 17 वर्षांची एक मुलगी त्याला तयार आहे. काय करू?

ता. क. स्वतःसाठी मानधन मागायची लाज वाटते. मागावं का?

– शनिवारवाली

प्रिय शनिवारवाली,

दोन वर्षं, दर शनिवारी, खिशातले पैसे घालून. हे वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. मी आधी बरीच वर्षं असे अर्ज लिहिले आणि नंतर काही वर्षं निवड समितीत बसून ते वाचले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगते.

आधी ॲपचा विषय संपवून टाकू. काढू नका. तुमच्या पत्रात कुठेही ‘मुलं म्हणतात आम्हाला ॲप हवं’ असं वाक्य नाही. ‘मित्र म्हणतो’ असं आहे. मानसिक आरोग्याच्या 93 ॲप्सचा प्रत्यक्ष वापर किती होतो, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. महिन्याभरानंतरही ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं 3.3 टक्के. म्हणजे तुमच्या मित्राचे दहा हजार जण खरोखर जमले, तरी महिन्यानं उरतील साडेतीनशेच्या आतबाहेर. आणि त्यातल्या एखाद्यानं रात्री दोन वाजता चॅटबॉटला ‘मला जगायचं नाही’ असं लिहिलं, तर ते वाचायला तुमच्यापैकी जागं कोण असणार? याचं उत्तर नसेल तर ते दार उघडूच नये. चांगली ॲप्स बनतात, नाही असं नाही. पण ती बनवणं हे पूर्ण वेळेचं, वेगळ्या माणसांचं काम आहे. अर्ज सजवण्यासाठी ते शेवटच्या क्षणी चिकटवायचं नसतं. समितीला असं ठिगळ लगेच दिसतं. अर्जाचे चार भाग एका आवाजात बोलत असतात आणि पाचवा भलत्याच.

आता ‘नवीन काय’ या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो ‘तुमच्याकडे कुणी न पाहिलेली वस्तू आहे का’ असा वाचता आहात. बहुतेक देणगीदारांना विचारायचं असतं ते असं: आम्ही पैसे दिले तर आज ठाऊक नसलेलं काय कळेल, किंवा आज मदत न पोहोचणाऱ्या कुणापर्यंत ती पोहोचेल?

झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं उदाहरण घे. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी 2006 साली तिथे काम सुरू केलं तेव्हा त्यांना ना खोली मिळाली, ना परिचारिका. मिळाल्या त्या आरोग्य केंद्रात स्वयंसेविका म्हणून काम करणाऱ्या 14 आज्या, आणि केंद्राबाहेरचं मोकळं अंगण. तिथे लाकडी बाक ठेवले गेले आणि त्यावर बसून आज्या लोकांशी बोलू लागल्या. नैराश्य हा वैद्यकीय शब्द न वापरता त्या तिथल्या शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरत. त्याचा अर्थ ‘अति विचार करणं’. 2016 साली या कामाची शास्त्रशुद्ध चाचणी प्रसिद्ध झाली: 24 आरोग्य केंद्रं, 573 प्रौढ रुग्ण. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणं, नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी होती. आता यात नवीन काय होतं सांग. बाक जुना, आज्या तर त्याहून जुन्या. आज्यांना शिकवलेली, समस्या एकेक करून सोडवायची पद्धतसुद्धा आधीच माहीत होती. नवं एवढंच होतं की कोण, कुणाशी, कुठे बसून, कोणत्या शब्दांत बोलतं.

तुमच्या अधिक जवळचं उदाहरण केनियातलं आहे. ‘शामिरी’ नावाच्या उपक्रमात नुकतंच शालेय शिक्षण संपवलेली 18 ते 22 वयाची मुलं, थोडं प्रशिक्षण घेऊन, माध्यमिक शाळेतल्या मुलांचे छोटे गट चालवतात. आठवड्यातून एकदा तासभर, चार आठवडे. त्यात आजारावर चर्चा नसते. माणूस बदलू शकतो, आपल्याला कशाबद्दल कृतज्ञता वाटते, आपल्याला काय मोलाचं वाटतं, यावर बोलणं असतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्य आणि चिंतेची लक्षणं असलेली 413 मुलं होती. तुलनेसाठी निम्म्यांना तितकाच वेळ अभ्यासाची कौशल्यं शिकवली होती. दोन्हीकडे फरक पडला, पण शामिरीच्या गटात जास्त, आणि सात महिन्यांनंतरही तो टिकून होता. ‘थोडं मोठं असलेलं मूल थोड्या लहान मुलाचं ऐकतं’ हीच तर तुमची शनिवारची खोली!

मग तुमच्याकडे काहीच नाही असं कसं म्हणतेस? फक्त त्या खोलीत नेमकं काय घडतं ते तुम्ही अजून स्वतःला विचारलेलं नाही. ब्रिटनमधली वेलकम ही मोठी धर्मादाय संस्था आहे. तिनं 2020 च्या सुमारास जगभरातल्या गटांना छोटी अनुदानं दिली ती अशाच प्रश्नासाठी: 14 ते 24 वयातल्यांच्या चिंता आणि नैराश्यावर जे उपाय चालतात, त्यातला काम करणारा घटक कोणता, तो कुणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि का काम करतो? त्याला त्यांनी ‘सक्रिय घटक’ म्हटलं. आणि स्वतः या त्रासातून गेलेल्या तरुणांना त्या अभ्यासांत सामील करून घेतलं होतं. तुमच्यात असा एक जण पहिल्या दिवसापासून आहे. त्याची इच्छा असेल तर, आणि असेल तरच, हे अर्जात यायला हवं.

पाच जणांनी एक संध्याकाळ बसून या प्रश्नावर भांडा. मुलं परत का येतात? समुपदेशक मॅडम येतात त्या शनिवारी जास्त बोलतात की कमी? मैत्री होते म्हणून येतात, की ऐकलं जातं म्हणून? कुठलं मूल एकदा आलं आणि पुन्हा फिरकलं नाही? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा तुमचा अख्खा प्रकल्प सापडेल. मग रकान्यात साधारण असं लिहिता येईल (हे तसंच उतरवू नका, तुमच्या शब्दांत लिहा):

‘15 ते 19 वयाची मुलं त्रासाबद्दल घरी किंवा शिक्षकांशी बोलत नाहीत, पण काही वर्षांनी मोठ्या असलेल्या आमच्याशी बोलतात, असं आम्हाला दोन वर्षांत दिसलं. असं बोलणं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं तर मूल योग्य मदतीपर्यंत लवकर पोहोचतं का, हे आम्हाला पाहायचं आहे. त्यासाठी 18 महिन्यांत एका गटाचे चार गट करू, आणि जी मुलं गट सोडून जातील त्यांच्याशीही बोलू.’

मी समितीत असते तर हा अर्ज बाजूला काढून ठेवला असता. आणि एक लक्षात ठेव, जगातल्या 10 ते 19 वयोगटातल्या दर सात जणांमागे एकाला मानसिक आजार असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेचं वाक्य सुरुवातीला लिहू नका. ते खरं आहे, पण समोर आलेल्या प्रत्येक अर्जात ते असतं. तुमची वाचनालयाची खोली कुणाच्याच अर्जात नाही.

दहा हजारांच्या आकड्याबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. मोठा आकडा लिहिणं आणि खोटं लिहिणं यात फार अंतर नसतं. अनुदान मिळालं तर तो आकडा 18 महिने तुमच्या मानेवर बसेल. तो गाठायला तुम्ही शनिवारची खोली सोडून सभागृहात व्याख्यानं द्याल, हजेरीपट भरतील आणि ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ती मुलं मागच्या रांगेत जातील. हे मी होताना पाहिलं आहे, चांगल्या माणसांच्या हातून. शिवाय पोहोचणं आणि उपयोग होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर, शिक्षकांनी शिकवलेल्या माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, मोठा प्रयोग झाला. हेतू उत्तम, प्रशिक्षण चोख, पैसा भरपूर. 2022 साली निष्कर्ष आले: शाळांत आधीपासून जे चाललं होतं त्यापेक्षा तो सरस ठरला नाही.

आणि नुसत्या ‘मुलांना आवडलं’ या अभिप्रायावरही विसंबू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली सुमारे पाचशे मुलग्यांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना काही वर्षं समुपदेशक, शिकवणी, सुट्टीतली शिबिरं, सगळं मिळालं. जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं तीस वर्षांनंतर त्यांना शोधून काढलं आणि 1978 साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेले पुरुष दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होते. तरीही त्यांच्यातले सुमारे दोन तृतीयांश म्हणत होते की त्या कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस अस्वस्थ वाटत होतं. तुला घाबरवायला हे सांगत नाही. ‘आमच्यामुळे कुणाचं काही बिघडलं तर ते आम्हाला कसं कळेल?’ या प्रश्नाला अर्जात चार ओळी द्या, यासाठी सांगते. असे अर्ज मी फार थोडे पाहिले, आणि त्यातला एकही मी नाकारला नाही.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस त्याबद्दल, कारण माझ्या लेखी अर्जात याहून मोठं काही नाही. एखाद्या शनिवारी एखादं मूल सांगेल की त्याच्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात. दोन वर्षांत कदाचित सांगितलंही असेल. तेव्हा काय करायचं हे कागदावर लिहिलेलं आहे का? ‘आम्ही मॅडमना फोन करतो’ एवढं पुरत नाही. मॅडमनी फोन उचलला नाही तर दुसरा कुणाला, त्या मुलाबरोबर कोण थांबणार, घरच्यांना कोण आणि कधी सांगणार, जवळच्या रुग्णालयात नेमकं कुठे जायचं, दुसऱ्या दिवशी चौकशी कोण करणार, हे सगळं हवं. आणि घरातच त्रास देणारं माणूस असेल तर? तेव्हा घरी कळवण्याचा नियम उलटा पडू शकतो. म्हणून हा कागद मॅडमबरोबर बसून, एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणून लिहा.

कागदाची पहिली ओळ गोपनीयतेची असू दे. ‘इथे बोललेलं बाहेर जाणार नाही’ असं तुम्ही मुलांना सांगत असाल, तर ते वचन आजच बदला. ‘बाहेर जाणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर आम्ही मदत बोलावू, आणि शक्यतो आधी तुला सांगून’ असं पहिल्याच भेटीत सांगायचं. मुलांना हे कळतं. वचन मोडलं गेलं तर मात्र ती पुन्हा कुणाकडेच जात नाहीत.

अर्जात परिणाम मोजायला सांगितला असेल, म्हणून तुम्ही कदाचित पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापराल. विनामूल्य आहे, जगभर वापरतात, किशोरवयीनांसाठी थोडं बदललेलं रूपही आहे. पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एका अर्जात लिहिलं होतं, ‘भरलेल्या प्रश्नावल्या गोळा करून महिनाअखेर संगणकावर चढवू.’ मी तो कागद हातात घेऊन विचार करत बसले: पहिल्या आठवड्यात एखाद्या मुलीनं त्या नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर ती तीन आठवडे कपाटात पडून राहणार? प्रश्नावली वापरायची तर ती मुलं खोलीतून बाहेर पडण्याआधी कुणीतरी जाणत्यानं बघायला हवी. ते जमणार नसेल तर वापरू नका. मुलांची शाळेतली हजेरी, झोप, मित्रांशी बोलणं याबद्दल साधे प्रश्न विचारा. एक भीती मात्र काढून टाका. आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात शिरतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन हजारांवर शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं आणि तसं काही आढळलं नाही. तेव्हा मनात शंका आली तर सरळ, शांतपणे विचारा.

18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलाची स्वतःचीही वेगळी. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसायचं नाही, हा नियम पाळा. तुमच्यावर कुणाला संशय आहे म्हणून हे सांगत नाही. उद्या पाचाचे पंधरा झालात की प्रत्येकाला तू ओळखत नसशील.

तुमचा तो मित्र, जो स्वतः यातून गेला आहे, तो दर शनिवारी दुसऱ्यांचं दुःख ऐकतो. त्याचं कोण ऐकतं? आणि बाकी चौघांचं? म्हणूनच ‘मॅडम महिन्यातून एकदा विनामूल्य’ हे आता बदलायला हवं. ऐकणाऱ्यांना दर पंधरवड्याला तज्ज्ञाबरोबर बसायला मिळायला हवं, आणि त्या तज्ज्ञाला त्याचे पैसे मिळायला हवेत. अंदाजपत्रकात ही ओळ ठळक असू दे.

आणि हो, तुमचं मानधन. मागायचं. लाजायचं कारण मला कळतं. आपल्याला असं शिकवलेलं असतं की सेवेला मोल लावू नये. पण खिशातले पैसे घालून चालणारं काम तुमच्यातल्या एकाची नोकरी बदलली की बंद पडतं, आणि मग शनिवारी खोलीच्या दाराशी येऊन परत जाणाऱ्या मुलांना आपल्याला पुन्हा कुणीतरी सोडलं एवढंच समजतं. सल्लागार म्हणून मदत करणाऱ्या किशोरवयीन मुलांनाही प्रवासखर्च आणि थोडं मानधन धरा. हिशेब ठेवणाऱ्याच्या वेळेचेही पैसे धरा. हा खर्च कमी दाखवला की समितीला कौतुक वाटतं असा समज आहे. मला तरी काळजीच वाटायची.

18 महिन्यांनंतर काय, हाही प्रश्न अर्जात असेलच. ‘स्वयंपूर्ण होऊ’ असं ठोकून देऊ नका, कुणाचा विश्वास बसत नाही. दोन गट आम्ही आमच्या बळावर चालू ठेवू शकतो, बाकीचे दोन शेवटच्या तीन महिन्यांत सावकाश कसे बंद करू किंवा कुणाच्या हाती देऊ, ते लिहा. निरोप कसा द्यायचा हेही या कामाचंच अंग आहे.

अर्ज लिहायला बसण्याआधी न्यासाच्या कार्यालयात फोन कर. पंधरा मिनिटं मागून घे. मागच्या वेळी कोणते अर्ज नाकारले आणि का, मुलांच्या नोंदींची मालकी कुणाची राहील, मध्येच बदल करायचा झाला तर परवानगी मिळते का, एवढं विचार. न्यासाचा पैसा कुठून येतो हेही बघ. दारू किंवा जुगाराच्या धंद्यातून येत असेल तर पाचही जणांनी आधी त्यावर बोला. त्याच फोनवर फोटोबद्दलही विचार. ‘अल्पवयीन मुलांची ओळख आम्ही उघड करत नाही, त्याऐवजी एका शनिवारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय घडतं त्याचं वर्णन देऊ का?’ असं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर तो रकाना रिकामा ठेव आणि कारण लिही. गुण कमी झाले तर होऊ देत.

ती मुलगी तयार आहे, हे खरं असेल. पण 17 व्या वर्षी, ज्यांनी आपलं ऐकलं त्यांच्यासाठी काहीतरी करावं या ओढीनं दिलेला होकार आहे तो. ती 27 वर्षांची होईल, कुठेतरी नोकरीला अर्ज करेल, तेव्हा तिचा चेहरा आणि तिचं आजारपण एकत्र कुणाच्या तरी अहवालात छापलेलं असेल आणि ते तिला पुसता येणार नाही. तेव्हा बाकी सगळ्याच्या आधी, या शनिवारी तिला थोडं बाजूला घेऊन भेट. तिची कहाणी अर्जात जाणार नाही हे सांग. ती कमी महत्त्वाची आहे म्हणून नव्हे, ती तिची आहे म्हणून. आणि तिला मदतच करायची असेल, तर खोलीत नव्यानं आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी काय सांगायला हवं ते तिला लिहायला सांग. तिचं नाव न घालता ते अर्जाला जोड.